ब्रेड मेकरचं कोटिंग निघतंय? आधी नेमकं कुठून निघतंय ते बघा

घरगुती ब्रेड मेकर माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा मोटर जळाली किंवा हीटर गेला अशी तक्रार क्वचितच असते. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "कोटिंग गेलं. आता हे वापरायचं की टाकून द्यायचं?" पॅन हातात घेऊन खिडकीशी नेला की पुष्कळदा दिसतं, की कोटिंग जागेवर आहे आणि लोक ज्याला घाबरलेत ते भलतंच काहीतरी आहे. कधी उलटंही होतं. पॅन वरून चकचकीत दिसतो, पण पात्याच्या भोकाशी कोटिंगचे पोपडे निघालेले असतात आणि ते रोज थोडे थोडे ब्रेडमध्ये जात असतात. म्हणून पॅन फेकण्याआधी किंवा "चालतंय की" म्हणून वापरत राहण्याआधी खाली सांगते तसं नीट बघून घ्या.

पॅनमध्ये काय काय असतं

पॅन बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्याला आतून नॉनस्टिक लेप दिलेला असतो. हा लेप एकतर पीटीएफईचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास टेफ्लॉन म्हणतो त्याचा असतो, नाहीतर सिरॅमिक. तळातून एक दांडा वर येतो, तो शाफ्ट. त्यावर पीठ मळणारं पातं बसतं. शाफ्ट तळातून जिथे वर येतो तिथे पाणी खाली झिरपू नये म्हणून रबरी सील असतं आणि त्याखाली शाफ्ट फिरतो ते बेअरिंग किंवा बुश असतं. पॅनच्या खाली, बाहेरच्या बाजूला, मोटरच्या चकतीत अडकणारा एक पंखासारखा तुकडा असतो. त्याला कपलिंग म्हणतात.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. सगळ्यात आधी झिजतं पातं, कारण ते घट्ट पिठातून सतत फिरत असतं. पात्याची पुढची कड आणि भोकाची आतली बाजू या दोन जागांवरचा लेप पहिल्यांदा जातो. मग शाफ्टभोवतीचं तळाचं वर्तुळ. त्यानंतर भिंतींचा खालचा भाग, जिथे पातं पीठ आपटतं. काही पॅनच्या भिंतीवर पीठ अडावं म्हणून उभी धार किंवा उंचवटा दिलेला असतो. त्या उंचवट्याचा माथाही लवकर उघडा पडतो. भिंतींचा वरचा भाग आणि काठ सहसा शेवटपर्यंत टिकतात. तुमच्या पॅनचा काठ खराब झालाय आणि तळ चांगला आहे, असं असेल तर ती मळण्याने झालेली झीज नाही. सुरीने ब्रेड सोडवल्याने किंवा पॅन ठेवताना कशावर तरी आपटल्याने ते झालेलं असतं.

तपासणी: डाग, तेलाचा थर, ओरखडा की पोपडा?

पॅन कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने, मऊ स्पंजने धुवा. कोरडा पुसा. मग तिरप्या उजेडात धरा, म्हणजे डोळ्यांसमोर सरळ न धरता उजेड पृष्ठभागावरून सरकत येईल असा. सरळ उजेडात ओरखडा आणि डाग सारखेच दिसतात. तिरप्या उजेडात ओरखड्याची सावली पडते, डागाची पडत नाही.

आता बोटाचं टोक फिरवा, मग नख. नख अडकलं नाही आणि फक्त रंग बदललेला दिसला, तर तो डाग आहे. नख हलकंच अडकलं पण कड उचलली गेली नाही, तर ओरखडा. नखाखाली कड सुटून वर आली, तर तो पोपडा. आणि लेपाखाली एखादा बारीक फुगवटा हाताला लागला, तर तो फोड: आत ओल शिरली आहे आणि तिथलं ॲल्युमिनियम गंजायला लागलं आहे. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबूस नसतो. तो पांढरट, पावडरसारखा असतो. फोड फुटला की तळाशी अशी पांढरी भुकटी दिसते.

यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते तेलाच्या थराने. भांड्यांना मारायचा तेलाचा स्प्रे, विशेषतः ज्यात लेसिथिन (तेलात मिसळलेला एक स्निग्ध घटक) असतं तो, प्रत्येक वेळी भाजला जाऊन पातळ, पिवळसर-तपकिरी, चिकट वार्निशसारखा थर बनतो. हा थर बसला की ब्रेड चिकटायला लागतो आणि आपल्याला वाटतं कोटिंग संपलं. खरं तर कोटिंग त्या थराखाली शाबूत असतं. ओळखायची पद्धत सोपी आहे. पॅन आडवा धरून भिंतीवर, तळावर, शंका असलेल्या जागेवर आणि चांगल्या जागेवर पाण्याचा एकेक थेंब टाका. चांगल्या लेपावर थेंब गोळीसारखा उभा राहतो आणि पॅन कलता केला की घरंगळतो. तेलाच्या थरावर किंवा उघड्या धातूवर तो पसरतो. आता पसरलेल्या जागी साबणाचं कोमट पाणी अर्धा तास ठेवून मऊ कापडाने गोल गोल चोळा. थोडं पिवळं कापडाला आलं आणि थेंब पुन्हा गोळी व्हायला लागला, तर लेप वाचलेला आहे. एकदा धुवून जमलं नाही तर पुन्हा करा, पण घासणी बदलू नका. तारेची किंवा हिरवी खरखरीत घासणी इथे आणली की आत्तापर्यंत शाबूत असलेला लेपही जातो.

ब्रेडच्या तळाला काळे-करडे डाग आले तर

ही तक्रार वेगळी धरा. पात्याच्या भोकाभोवती ब्रेडला करड्या किंवा काळसर रंगाची रेघ येते आणि लोक म्हणतात, "कोटिंग उतरून ब्रेडला लागतंय." पण कोटिंग उतरतं ते कपच्यांच्या रूपात, बारीक, चपट्या, वाकणाऱ्या तुकड्यांत. ते बोटांत चुरगळत नाहीत. उलट हा करडा मळ बोटांवर पसरतो, काजळीसारखा. तो बहुतेक वेळा बेअरिंगमधून वर आलेला असतो: सील झिजलं, पिठातलं पाणी खाली गेलं, बुशमधल्या धातूची झीज आणि जुनं ग्रीस मिसळून तयार झालेला काळा चिखल शाफ्टच्या बाजूने वर आला.

खात्री करून घ्यायची तर पांढरं ओलं कापड शाफ्टच्या मुळाशी दाबून फिरवा. कापड काळं होत असेल तर पॅन उलटा करून खालचं कपलिंग हाताने फिरवा. निरोगी बेअरिंग गुळगुळीत फिरतं. वाळू भरल्यासारखं करकरत असेल, किंवा शाफ्ट आडवा हलत असेल, तर दोष तिथे आहे. आणखी एक चाचणी: पात्याची बैठक बुडेल इतकं पाणी पॅनमध्ये भरून पॅन कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर ओल उतरली असेल तर सील गेलंय. या पॅनमध्ये ब्रेड भाजणं थांबवाच. लेपाच्या कपच्यांपेक्षा हा काळा चिखल मला जास्त खटकतो, कारण त्यात धातूची झीज आणि जुनं ग्रीस असतं. शिवाय तेच पाणी खाली मोटरच्या चकतीवर टपकतं आणि मग पॅन सोडून मशीनच खर्चात काढतं.

खाली सर्क्लिप, म्हणजे शाफ्ट जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी कडी, लावलेला असेल तर सील आणि बेअरिंग बदलता येतं. सर्क्लिपचा पक्कड हाताशी असलेल्या, असं काम येणाऱ्या माणसाकडूनच ते करून घ्या आणि ग्रीस खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठीचंच वापरायला सांगा. काही पॅनमध्ये हे सगळं दाबून बसवलेलं असतं, उघडतच नाही. तिथे पूर्ण पॅन बदलायचा.

पोटात गेलं तर?

हे सगळे विचारतात, म्हणून जे पक्कं आहे तेवढंच सांगते. पीटीएफई हा १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलेला पदार्थ. त्याचा गुण असा की तो जवळजवळ कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही. म्हणून एखादी कपची पोटात गेली तर ती न पचता तशीच बाहेर पडते. एकदा गेलेल्या कपचीसाठी दवाखाना गाठायची गरज नाही.

धोका असतो तो पीटीएफई फार तापलं तर. नेहमीच्या वापरासाठी त्याची मर्यादा साधारण २६० अंश सेल्सिअस धरतात. ३२७ अंशांच्या आसपास ते वितळतं, आणि त्याहून वर तापत गेलं की त्याचं विघटन वेगाने होऊन त्रासदायक धूर येतो. रिकामा तवा गॅसवर विसरला तर तिथपर्यंत पोचू शकतो. ब्रेड मेकर मात्र साधारण २०० अंशांच्या आतच भाजतो, आणि ब्रेडचा गाभा तर १०० अंशांपर्यंतही जेमतेम जातो. तेव्हा ब्रेड मेकरमधून धूर आला तर बहुतेक वेळा पॅनबाहेर सांडलेलं पीठ किंवा बेदाणे हीटरवर जळत असतात. मशीन बंद करा, गार होऊ द्या, तळ पुसून घ्या. घरात पक्षी पाळलेले असतील तर मात्र पिंजरा कुठल्याही नॉनस्टिकपासून लांब ठेवा. तापलेल्या पीटीएफईच्या धुराने पक्षी फार पटकन दगावतात.

पीएफओए हे नाव भीतीने घेतलं जातं. ते लेप बनवताना वापरलं जाणारं रसायन होतं. अमेरिकेत मोठ्या उत्पादकांनी ते २०१५पर्यंत बंद केलं आणि २०१९मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक आणि लवकर नष्ट न होणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत त्यावर जगभरासाठी निर्बंध आले. तुमचं मशीन फार जुनं असेल आणि लेप सुटत असेल, तर पॅन बदलायला हे एक जादा कारण समजा. सिरॅमिक लेपात पीटीएफई नसतं, तो सिलिकावर आधारलेला असतो. तो कडक असतो, पण न चिकटण्याचा त्याचा गुण पीटीएफईपेक्षा लवकर उतरतो, हे घेताना लक्षात असू द्या.

एवढं सांगितल्यावरही माझं मत हेच आहे, की एका कपचीला घाबरायचं कारण नाही, पण रोज कपच्या खात राहायचंही काही कारण नाही.

अडकलेलं पातं: नुकसान इथूनच सुरू होतं

माझ्याकडे आलेल्या पॅनचे तळ बघून मी सांगू शकते, घरात पातं कसं काढलं जातं ते. शाफ्टच्या शेजारी तळावर अर्धचंद्रासारखा खोल ओरखडा असला की समजायचं, कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर किंवा चमच्याचं टोक पात्याखाली घालून, तळावर टेकवून उचकटलंय. पात्याच्या बैठकीवर समोरासमोर दोन दातेरी खुणा असल्या की तिथे पक्कड लागली आहे.

पातं अडकतं का ते एकदा कळलं की ते काढायला जोर लागत नाही. पात्याच्या भोकात आणि शाफ्टमध्ये केसाएवढी फट असते. मळायला सुरुवात होते तेव्हा पीठ पातळ, ओलसर असतं. ते या फटीत शिरतं. नंतर भाजलं जातं आणि सुकून सिमेंट होतं. म्हणजे आपण जोर लावतो तो लेपावर, आणि धरून ठेवलेलं असतं वाळलेल्या पिठाने. ते पीठ भिजलं की काम झालं.

ब्रेड बाहेर काढला की पॅन हात लावता येईल इतका निवू द्या. तापलेल्या पॅनमध्ये गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियम आणि लेप वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि असं वारंवार झालं की लेपाची पकड सुटते. कोमट-गरम पाणी, थेंबभर साबण, पातं पूर्ण बुडेल इतकं. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग पॅन किंचित उचलून एका हाताने खालचं कपलिंग घट्ट धरा, म्हणजे शाफ्ट फिरणार नाही, आणि दुसऱ्या हाताने पातं डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं हलवा. शाफ्ट बहुतेकदा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे पातं पूर्ण फिरणार नाही. जेवढी ढिलाई आहे तेवढंच हलवायचं. आतलं पीठ सुटलं की हाताला "कच्" असं जाणवतं. मग सरळ वर उचला, तिरकं ओढू नका.

नाही निघालं तर पाणी बदलून पुन्हा तेच. फारच जुनं बसलेलं असेल तर पाणी ओतून, पुसून, शाफ्ट आणि पातं यांच्या सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडून काही तास ठेवा, मग पुन्हा गरम पाणी. घाई असेल तर पातं आतच राहू द्या, पॅन तसाच धुवा, पण हत्यार लावू नका.

पातं निघालं की भोकाच्या आत बघा, हे बहुतेकजण विसरतात. आत पिठाचं तपकिरी कडं बसलेलं असतं. टूथपिक किंवा बाटलीचा बारीक ब्रश फिरवून ते काढा. शाफ्टच्या चपट्या बाजूवरचंही पुसा. हे कडं राहिलं तर पुढच्या वेळी पातं पूर्ण खाली बसत नाही, वर राहतं, आणि वर राहिलेलं पातं डगमगतं. डगमगणारं पातं स्वतःचं भोक खातं. पुढच्या ब्रेडआधी शाफ्टवर बोटाने तेलाचा एक पातळ हात फिरवला की फटीत पीठ कमी शिरतं. दुमडणारं पातं असेल तर त्याच्या बिजागरीतही हेच सगळं होतं. तिथे जास्त वेळ भिजवा आणि पातं पाण्यातच उघडझाप करून हलवा.

आणखी एक युक्ती आहे आणि माझ्या मते ती सगळ्यांत उपयोगी आहे. शेवटचं मळणं झालं आणि शेवटचं फुगणं सुरू व्हायचं असलं की झाकण उघडा, हात तेलाने माखून पीठ उचला, पातं काढून घ्या, पिठाला आकार देऊन परत ठेवा. पातं भाजलंच जात नाही, ब्रेडच्या तळाला मोठं भगदाड पडत नाही, आणि भाजल्यावर ब्रेडही सहज निसटतो. ही वेळ प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते. माहितीपुस्तिकेत टप्प्यांचा तक्ता असतो, त्यावरून आपला गजर लावून ठेवावा.

ब्रेड काढताना

यंत्राने शिट्टी दिली की पॅन बाहेर काढून पाचेक मिनिटं ठेवा. या वेळात ब्रेड किंचित आकसतो आणि भिंतीपासून सुटतो. फार वेळ ठेवला तर वाफेने कडा ओलसर होतात आणि उलट चिकटतात, म्हणून दहा मिनिटांपलीकडे थांबू नका. जाड हातमोजे घालून पॅन उलटा करा, वरखाली झटके द्या. नाही पडला तर उलट्या पॅनच्या तळाचं कपलिंग थोडं इकडेतिकडे फिरवा. पातं आत हलतं आणि ब्रेड सुटतो. तरीही अडला तर सिलिकॉनचा पातळ उलथना भिंतीलगत. सुरी नाही, काट्याचा दांडा नाही.

पातं ब्रेडमध्येच राहिलं तर ब्रेड निवेपर्यंत थांबा. खोक्यासोबत आलेला धातूचा हूक वापरायचा तर तो पात्याच्या भोकात अडकवून ओढा, कडेला खरवडू नका. सुरीने कापताना पातं आत आहे हे विसरून आरपार कापलेली पातीही मी पाहिली आहेत. त्या पात्याच्या लेपावर मग दातांची ओळच उमटलेली असते.

आत काय आणि कसं टाकता

लेप झिजवणारी गोष्ट म्हणजे कठीण कण अधिक दाब. मिठाचे आणि जाड साखरेचे खडे, सूर्यफुलाच्या बिया, जवस, जाड भरडलेलं धान्य हे सगळे कण पात्याखाली सापडले की पॉलिश पेपरचं काम करतात. मीठ आणि साखर आधी पाण्यात ढवळून विरघळवून घ्या. यीस्ट कोरड्या पिठावर वेगळं, वरच ठेवा. बिया पहिल्यापासून घालू नका. मळणं संपत आलं की मशीन शिट्टी देतं, तेव्हा घाला. तोवर पीठ गोळा झालेलं असतं, कण तळाला घासले न जाता पिठातच राहतात. बिया तासभर भिजवून, निथळून घातल्या तर आणखी बरं.

पाणी नेहमी आधी, पीठ नंतर. कोरडं पीठ तळाला असलं तर पातं त्यात दळत राहतं. आणि पीठ फार घट्ट होऊ देऊ नका. गोळा भिंतीला धडाधड आपटायला लागला, मशीन जागेवरून सरकायला लागलं की चमचाभर पाणी सोडा. कणकेचं प्रमाण जास्त असलेल्या ब्रेडला मैद्यापेक्षा पाणी जास्त लागतं. जे लोक मैद्याचंच माप ठेवतात त्यांची पाती लवकर जातात.

जॅमचा कार्यक्रम असेल तर तो जपून वापरा. आंबट फळं, साखर आणि बराच वेळ उष्णता यांचा एकत्र मारा लेपाच्या बारीक छिद्रांतून खाली ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. जॅम झाला की लगेच काचेच्या बरणीत काढा, पॅनमध्ये रात्रभर ठेवू नका. मिठाचं पीठही तसंच. ब्रेड बिघडला, कच्चा राहिला तरी "उद्या बघू" म्हणून तो पॅनमध्ये सोडू नका.

धुणं आणि ठेवणं

डिशवॉशर नाही. पॅनवर तशी परवानगी स्पष्ट लिहिलेली असेल तरच. डिशवॉशरची पावडर बरीच अल्कधर्मी असते आणि उघडं ॲल्युमिनियम अल्कलीने काळवंडतं, खाल्लं जातं. धुण्याचा सोडा, ओव्हन साफ करायचे फवारे याच कारणाने वर्ज्य. पॅन पाण्याच्या टबात पूर्ण बुडवू नका. आतून पाणी भरा, बाहेरून पुसा, म्हणजे खालच्या बाजूने बेअरिंगमध्ये पाणी जात नाही. धुतल्यावर लगेच कोरडा करा. पातं पॅनमध्ये सुटं टाकून ठेवायची सवय मोडा. कपाट उघडताना-मिटताना ते आत खडखडतं आणि लेपावर बारीक टोचे पडतात. पात्यासाठी कापडाची लहान पिशवी पुरते. मापाचे कप, चमचे पॅनमध्ये रचून ठेवू नका.

चालवायचं की बदलायचं

डाग असतील, वरवरचे ओरखडे असतील, रंग उडाला असेल: चालवा.

पात्याचा लेप गेला असेल तर फक्त पातं बदला, आणि लवकर बदला. पातं हा सुट्टा, स्वस्तातला भाग आहे. लेप गेलेल्या पात्याला पीठ जास्त चिकटतं, ते काढायला जास्त ओढाताण होते, आणि त्या ओढाताणीत पॅनच्या तळाचा लेप जातो. लोक पातं वाचवायला बघतात आणि पॅन घालवतात.

पॅन गुळगुळीत आहे, पोपडे नाहीत, पण ब्रेड सुटतच नाही, असं असेल तर तेलाचा थर आहे का ते आधी बघा. थर नसेल आणि लेप खरंच म्हातारा झाला असेल, तर भिंतींना आणि शाफ्टला लोण्याचा हात लावून काही काळ चालेल. त्याहून चांगलं म्हणजे मशीनमध्ये फक्त मळून आणि फुगवून घ्यायचं आणि भाजायचं ओव्हनमध्ये, वेगळ्या साच्यात. मळायला न चिकटणारा लेप लागतच नाही, भाजायला लागतो.

पण पोपडे निघत असतील, फोड आले असतील, पांढरी भुकटी दिसत असेल, तर "फक्त मळायला वापरते" हा उपाय लागू नाही. पोपडा सुटतो तो मळतानाच, भाजताना नाही. अशा पॅनला मळायचं कामही देऊ नका.

दुरुस्तीच्या नावाखाली तीन गोष्टी केल्या जातात, त्या करू नका. एक, पॉलिश पेपरने पोपड्यांच्या कडा घासून सपाट करणं: कड सपाट होते, पण तिची पकड आणखी सुटते. दोन, डब्यातला नॉनस्टिक स्प्रे-पेंट मारणं: पीटीएफईचा खरा लेप कारखान्यात साडेतीनशे अंशांच्या वर तापवून धातूवर बसवलेला असतो, घरच्या फवाऱ्याला ती पकड येत नाही, आणि तो अन्नासाठी बनवलेला असेलच असं नाही. तीन, सगळा लेप खरवडून उघड्या ॲल्युमिनियमवर काम चालवणं: पीठ करडं होतं, ब्रेड चिकटतो आणि खारट पिठाने धातूला खड्डे पडतात.

नवा पॅन किंवा पातं मागवताना

मशीनच्या मागे किंवा तळाला पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर संपूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाच्या दोन मशीनचे पॅन वेगळे असू शकतात. पात्यासाठी भोकाचा आकार, बैठकीची उंची आणि पात्याची लांबी जुन्याशी जुळवून बघा. दोन पाती असलेलं मशीन असेल तर दोन्ही एकदम बदला. नवं पातं जुन्या शाफ्टवर बसवून हाताने हलवून पाहा. नवं असूनही ते डगमगत असेल तर शाफ्टची चपटी बाजू गोल झाली आहे, आणि अशा वेळी पॅनच बदलावा लागतो.

पॅन नवा घेतला तर पातंही नवंच घ्या. जुन्या पात्याची खडबडीत झालेली कड नव्या तळावर रोज फिरवण्यात काही शहाणपण नाही. पातं बसवल्यावर त्याच्या खालून कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी अडत असेल तर पातं तळाला घासतंय, ते परत करा. मग पॅन आणि पातं साबणाच्या कोमट पाण्याने धुवून कोरडं करा, शाफ्टवर तेलाचा हात फिरवा, आणि सुरुवातीचे काही ब्रेड बिया न घालता, साध्या मऊ पिठाचे करा.